कायमचा पत्ता

बँकेचा असो की रेशन दुकानाचा, कुठल्याही अर्जात पत्त्याच्या दोन चौकटी असतात. एक ‘सध्याचा पत्ता’, दुसरी ‘कायमचा पत्ता’. बजाजनगरात यातली पहिली चौकट सगळ्यांची सारखी आणि दुसरी प्रत्येकाची निराळी. सध्याचा पत्ता बजाजनगर, वाळूज, खाली पिनकोड. कायमचा पत्ता मुक्काम पोस्ट अमुक, तालुका गेवराई, नाहीतर अंबड, नाहीतर जिंतूर, नाहीतर मेहकर. माणूस तीस वर्षं सध्याच्या पत्त्यावर राहतो, कर्ज काढून वर मजला चढवतो, तो भाड्यानं देतो, मुलांच्या शाळा-लग्नं उरकतो आणि कायमच्या पत्त्यावर वर्षातून दोनदा जातो : एकदा जत्रेला आणि एकदा कुणाच्या तरी दहाव्याला. तरी अर्जात लिहिताना हात अडखळत नाही. कायमचं ते कायमचंच. म्हातारपणी जीव घुटमळायला लागला की सगळ्यांचं ठरलेलं वाक्य असतं, ‘मला गावाकडं न्या.’ मग रुग्णवाहिका नाहीतर शेजाऱ्याची गाडी बीडच्या रस्त्याला लागते.

याचा परिणाम असा की बजाजनगराला जिवंत माणसं भरपूर, पण हक्काचे मेलेले नाहीत. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या सावलीत ही वसाहत वाढली. वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, तीसगाव ही आजूबाजूची गावं जुनी. त्यांना पार आहे, म्हसोबा आहे, भावकीत चार पिढ्यांचं भांडण आहे. बजाजनगराला स्कूटर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आहे. अशा गावात मुलाला शाळेतून ‘आपल्या परिसराचा इतिहास लिहा’ असा प्रकल्प मिळाला की घरात शांतता पसरते. बाप म्हणतो, इथं कसला आला इतिहास, इथं सगळं एमआयडीसी. मग मुलगा गूगलवरून वेरूळ-अजिंठा उतरवतो, त्याला रंगीत चित्र चिकटवतो आणि दहापैकी नऊ मार्क घेतो. कैलास लेणं आठव्या शतकातलं आणि मुलाचे वडील एकोणीसशे नव्वदमधले. मध्ये कोण राहत होतं, हे मास्तर विचारत नाहीत.

मधली माणसं अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. खुलताबादला जा, ती सगळी तिथं ओळीनं पडून आहेत. स्थानिक इतिहास वाचायला ग्रंथालयाच्या आधी कबरस्तानात जावं, तेही गाइड न घेता, खिशात पेन्सिल आणि डोक्यात वजाबाकी घेऊन, असं माझं म्हणणं आहे. बजाजनगरकराला हा इतिहास इतर कुणाहीपेक्षा लवकर कळेल, कारण खुलताबादला पुरलेली बहुतेक बडी मंडळी बदलीवर आलेली होती. त्यांचाही सध्याचा पत्ता एक आणि कायमचा पत्ता दुसरा होता. फरक एवढाच की त्यांच्या बाबतीत दोन्ही चौकटी शेवटी एक झाल्या.

बदली कशी झाली ते पाहा. १३२७ च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं आपलं हेड ऑफिस दिल्लीहून दौलताबादला हलवायचं ठरवलं. आपण या प्रकाराला वेडेपणा म्हणून शाळेत हसतो. पण ज्याच्या हातात कधी ‘अमुक तारखेपासून नव्या प्लांटला रुजू व्हावे’ असा कागद पडला आहे, तो हसणार नाही. तो आधी घरभाडं कोण देणार हे विचारेल. दरबारी, कारकून, सूफी आणि त्यांच्यामागं त्यांचं शिष्यमंडळ असा सगळा लवाजमा दक्षिणेला आला. काही वर्षांत बादशहाचं मन बदललं, ऑफिस परत दिल्लीला गेलं, लोकांना परतीची मुभा मिळाली. पुष्कळ गेले. काही राहिले. राहिलेल्यांत बुऱ्हाणुद्दीन गरीब हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य होते. १३३७ मध्ये ते इथंच वारले आणि त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. निजामुद्दीनांच्याच बैठकीतली वचनं टिपून ठेवणारे कवी हसन सिज्झी हेही इथंच. बुऱ्हाणुद्दीनांच्या गादीवर आलेले जैनुद्दीन शिराजी समोरच्या दर्ग्यात. या मंडळींनी निघताना दिल्लीत अर्ज भरला असता तर कायमच्या पत्त्यात ‘दिल्ली’ लिहिलं गेलं असतं. दगडावर मात्र दख्खन आलं.

पुढं जे झालं ते प्लॉटिंगच्या धंद्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. एक अवलिया पुरला की त्याच्या शेजारची जागा महाग होते. आपल्याकडं जाहिरातीत ‘रोड टच’ लिहितात, तसं तिथं ‘दर्गा टच’. पॅरिसला पेर लाशेज नावाचं मोठं कबरस्तान १८०४ मध्ये उघडलं तेव्हा ते गावाबाहेर पडत होतं म्हणून कुणी फिरकेना. मग व्यवस्थापनानं १८१७ मध्ये मोलिएर आणि ला फोंतेन या नामवंत लेखकांचे मानले गेलेले अवशेष उकरून तिथं आणले. गिऱ्हाइकांची रीघ लागली. आज तिथं लोक जगभरातून नकाशा हातात घेऊन फिरायला येतात. खुलताबादला असली युक्ती करायची वेळ आली नाही. पहिली मोठी नावं आपल्या पायानं चालत आली होती. नंतर आलेल्यांनी फक्त जवळची जागा धरली. हैदराबादच्या निजामशाहीचा संस्थापक पहिला आसफजाह १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला, पण त्याला आणलं इथं, बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात. मुलगा नासिर जंगही तिथंच. आता पेन्सिल काढा. मराठवाडा निजामाच्या हातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. वजा १७४८. बरोबर दोनशे. ज्या राजवटीविरुद्ध मराठवाड्याच्या आजोबा-पणजोबांनी लढा दिला, तिच्या संस्थापकाचं मरण आणि तिचा शेवट यांच्यातलं अंतर एका ओळीच्या गणितात मिळतं. हे गणित गाइड सांगत नाही, कारण तो बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात एके काळी चांदीची झाडं उगवत होती आणि ती विकून दर्ग्याचा खर्च चालत होता, ही दंतकथा सांगण्यात गुंतलेला असतो. झाडं ऐकायला गोडच आहेत. पण एवढ्या साध्या पद्धतीनं कुठल्याही संस्थेचा खर्च भागलेला नाही, हे पतसंस्थेच्या वार्षिक सभेला हजेरी लावणारा कुणीही सांगेल.

बदलीवर आलेल्यांत सर्वांत लांबून आलेला माणूस म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार आणि मालकामागून मालक बदलत दख्खनला पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता होऊन बसला. कंत्राटी म्हणून लागून प्लांट हेड झालेला माणूस वाळूजला कुणाच्या ऐकिवात नसेल. चारशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात तो होऊन गेला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे आजचं शहर. त्याचं नाव मागाहून फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहराला त्यानं नहरीनं पाणी आणलं. ज्या शहरात आज नळाला पाणी कधी येणार यावर घरातली भांडी घासायची वेळ ठरते, तिथल्या माणसानं खुलताबादला त्याच्या घुमटापाशी दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही. १६२६ मध्ये तो गेला. गल्लीत परप्रांतीयांवरून वाद निघाला की याचं नाव काढावं. वाद मिटत नाही, पण विषय बदलतो.

एवढं वाचल्यावर बजाजनगरचा सुज्ञ वाचक म्हणेल, खुलताबादला आम्ही जातोच की. खरं आहे. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला रात्रभर पायी जाणाऱ्यांची रांग सगळ्या जिल्ह्यानं पाहिलेली आहे. एरवीचे मारुती बहुधा उभे नाहीतर उड्डाणात. हा निवांत आडवा. त्या गावात पडून राहण्याचीच रीत असावी आणि देवानंही ती पाळली असावी. पण भाविक जातात कसे? दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजातून, जिथं एका वेळी एक गाडी मावते आणि दोन्ही बाजूंनी चाळीस उभ्या असतात. मग घाट, मग दर्शन, मग भाजलेलं कणीस, फार तर पुढं म्हैसमाळ, आणि घरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घुमट आणि चौथरे दिसतात, ते गाडीच्या काचेतून ‘काहीतरी मुसलमानी’ या सदरात जमा होतात. कार्ल अर्न्स्ट नावाचा एक अमेरिकन प्राध्यापक मात्र त्या सदराखाली काय काय आहे हे शोधायला समुद्र ओलांडून आला, फारसी हस्तलिखितं वाचली आणि १९९२ मध्ये खुलताबादवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ छापून मोकळा झाला. आपण तोवर कणसाला मीठ-लिंबू जास्त लावायला सांगत होतो.

दुसरा आक्षेप भाषेचा. दगडावर फारसी, आपल्याला मराठी. गाइड नको तर वाचणार काय? याला उत्तर असं की कबरीवर अक्षरं फार थोडी असतात आणि बाकीचा मजकूर दगडात असतो. काही साध्या खुणा आहेत. उत्तरेच्या आणि दख्खनच्या जुन्या कबरींवर पुरुष असेल तर माथ्यावर कलमदानासारखा लांबट उंचवटा असतो, स्त्री असेल तर पाटीसारखा सपाट भाग. म्हणजे त्यानं लिहायचं आणि तिनं पाटी धरायची, अशी दगडावर कायमची कामवाटणी. घराघरात कोण कुणाच्या पाटीवर काय लिहितं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मरणोत्तर कागदपत्रं नेहमी नवऱ्याच्या नावानं होतात, एवढं त्यावरून सिद्ध होतं. दुसरी खूण डोक्यावर छत आहे की आभाळ. तिसरी खूण पायरी झिजली आहे की नाही : पायरी झिजलेली असेल तर तिथं अजून लोक येतात, आणि ती करकरीत असेल तर आत राजा असण्याची शक्यता जास्त. चौथी म्हणजे पैसा. भाषा न येणाऱ्यालाही खर्च दिसतो.

आणि खर्च पाहायचा तर शहरातला, औरंगजेबाच्या बायकोचा बीबी का मकबरा. याला ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणतात. मला ते नाव अन्यायाचं वाटतं. ही गरिबी नव्हे, हे कॉस्ट कटिंग. ताजमहाल ज्यानं उभारला असं मानतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला इथला शिल्पी. बापाला शहाजहान गिऱ्हाईक मिळालं, मुलाला औरंगजेब. धंद्यात मुलाचं नशीब बापापेक्षा हलकं असणं म्हणजे काय, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणी भोगलं नसेल. ताजच्या खर्चाचा आकडा तीन कोटींच्या वर सांगतात. मकबऱ्याचा खर्च गुलाम मुस्तफाच्या ‘तवारीखनाम्या’त सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा नोंदला आहे. ते सात आणे पाहा. मधाळ प्रेमकहाण्या पुष्कळ बांधल्या गेल्या असतील, पण सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणारी हीच. मुख्य इमारतीजवळ जाऊन भिंत बघितली की ते पैसे कुठं वाचले हेही कळतं. खालचा भाग संगमरवरी, पांढरा, गार, हात लावला तर गुळगुळीत. साधारण छातीच्या उंचीवर संगमरवर संपतो आणि वर गुळगुळीत घोटलेला चुना सुरू होतो. लांबून दोन्ही पांढरे. बाथरूममध्ये दारापर्यंत टाइल्स आणि वर ऑइलपेंट, हा निर्णय ज्यानं ठेकेदारासमोर बसून घेतला आहे, त्याला हे पाहून एकदम घरच्यासारखं वाटतं. घुमटाला मात्र संगमरवर आहे. दर्शनी बाजूला काटकसर करायची नाही, हेही आपल्याच घराचं शास्त्र.

इथं वजाबाकीचा आणखी एक गमतीचा वापर होतो. मकबरा औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आईच्या आठवणीत १६५१ ते १६६१ या काळात बांधला, अशी माहिती पुष्कळ ठिकाणी छापलेली सापडते आणि पर्यटक ती मोबाइलमध्ये टिपून घेतात. आई दिलरस बानू वारली १६५७ मध्ये. आझमशहा जन्मला १६५३ मध्ये. म्हणजे आईच्या मरणाआधी सहा वर्षं आणि स्वतःच्या जन्माआधी दोन वर्षं मुलानं काम सुरू केलं, आणि ते पुरं झालं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आठ वर्षांचा मुलगा एवढं बांधकाम करतो म्हणजे एमआयडीसीत त्याला हातोहात उचलला असता. खरं पाहता बापानं सांगितलं आणि मुलाचं नाव लागलं, असाच अर्थ काढायला हवा. अशी किती तरी नावं आपल्याकडं पेट्रोल पंपांवर आणि शाळांवर आहेत. गाइड आपल्यापेक्षा इतिहास जास्त जाणतो, हे मान्यच. पण वजाबाकी त्याच्या पगारात बसत नाही.

आता तो आक्षेप, जो सगळ्यात मोठ्या आवाजात घेतला जातो. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे आणि मराठी माणसानं तिथं का जावं? २०२५ मध्ये ती काढून टाकावी अशी मागणी जोरात झाली, बंदोबस्त वाढला, वाहिन्यांच्या गाड्यांनी दौलताबादच्या दरवाजातली गर्दी आणखी वाढवली. आक्षेपामागचा राग खरा आहे. संभाजीराजांचे हाल करून त्यांना मारणारा तो हाच, आणि ते विसरून कुणी तिथं जावं असं म्हणणं मूर्खपणाचं. पण कबरीला भेट म्हणजे सलाम, हा हिशेब चुकीचा आहे. कोर्टात आरोपीच्या विरुद्धचा मुद्देमाल जपून ठेवतात तो त्याच्या सन्मानासाठी नव्हे. १६८१ मध्ये हा माणूस मराठ्यांचा आणि दख्खनच्या सुलतानांचा बंदोबस्त करायला निघाला. १६८६ ला विजापूर घेतलं, १६८७ ला गोवळकोंडा, १६८९ ला संभाजीराजे. कुठल्याही मॅनेजरला वाटावं की टार्गेट पूर्ण झालं, आता हेड ऑफिसला परत. तो परत गेला नाही, जाऊ शकला नाही. राजाराम महाराज, मग ताराबाई, एकामागून एक किल्ला घ्यायचा आणि पाठ फिरली की तो गमवायचा. १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो मेला. १७०७ वजा १६८९ : अठरा. संभाजीराजांना मारल्यावरही अठरा वर्षं हिंदुस्थानचा बादशहा मराठ्यांच्या मुलखात तंबूत राहिला आणि शेवटी इथल्याच मातीत गेला. हा आकडा ज्या दगडापाशी उभं राहून मांडता येतो, तो दगड नाहीसा झाला तर तोटा नेमका कुणाचा, हे ज्यानं त्यानं शांतपणे ठरवावं.

आणि मरणोत्तर प्रवास पाहा. भिंगारहून त्याला खुलताबादला आणलं, जैनुद्दीनांच्या पायाशी. आजच्या हमरस्त्यानं आणायचं म्हटलं तर वाळूजवरूनच न्यावं लागेल, आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला सापडलं तर बादशहाला वाळूजजवळच्या पंढरपूर गावाच्या चौकात अर्धा तास थांबावं लागेल. कबरीकडं पाहिलं की मकबऱ्याचं कॉस्ट कटिंग पुढच्या पिढीत नव्हे, त्याच माणसात टोकाला गेलेलं दिसतं. बायकोला साडेसहा लाखांच्या वर. स्वतःच्या कबरीचा खर्च चौदा रुपये बारा आणे, असं सांगतात. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात टोप्या विणून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनाला वापरा, आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटा, असं आहे. वर छत नाही. मधोमध माती, मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी मागाहूनची, कर्झनच्या काळात निजामानं बसवलेली. बादशहा इतका उघडा पडलेला इंग्रजांना सोसवेना. साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की टोप्यांचा हिशेब स्वतंत्र ठेवला होता आणि सव्वीस वर्षांच्या स्वारीचा खर्च त्यात धरलेला नाही. खर्चाचं खातं बदललं की कुठलीही कंपनी काटकसरी दिसते. गंमत म्हणजे ज्या गोवळकोंड्याच्या तानाशहाला त्यानं दौलताबादला कैदेत टाकलं आणि जो १६९९ मध्ये कैदेतच वारला, तोही याच गावात आहे. कैदी आणि जेलर, दोघांचा कायमचा पत्ता खुलताबाद, पिनकोडसुद्धा एक.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कामगाराच्या तोंडून येतो : हा सगळा साहेबांचा इतिहास. मजुरांच्या कबरी कुठं आहेत? हे बरंचसं खरं आहे. चौथऱ्याभोवती नावनिशाणी नसलेल्या शेकडो कबरी आहेत आणि त्यांच्यात वजाबाकी करायला आकडाच नाही. तरी दोन-तीन फटी सापडतात. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर अताउल्लाबरोबर हंसपतराय या अभियंत्याचं नाव कोरलेलं आहे; तेवढं नाव तिथं जावं म्हणून कुणीतरी साहेबांशी किती दिवस बोलणी केली असतील, याची कल्पना युनियनवाल्याला येईल. दुसरी फट अजिंठा गावात. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला. त्याला पाठवणारी संस्थाही कंपनीच होती. वर्षानुवर्षं काढलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आगीत गेली. तो स्वतः १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. पण २३ मे १८५६ ला वारलेल्या पारो नावाच्या इथल्या बाईची कबर त्यानं अजिंठा गावात बांधली आणि तिच्यावर ती आपली प्रिय होती असं इंग्रजीत कोरून ठेवलं. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातली बाई, तिचं नाव आणि तारीख दगडावर. ना. धों. महानोरांनी तिच्यावर काव्य लिहिलं, सिनेमा आला, तरी गावी उभं राहून ती तारीख वाचण्यात जे कळतं ते पडद्यावर कळत नाही. लोक लेण्यांच्या बसमधून गावावरून तसेच पुढं निघून जातात; पारोपाशी थांबायला एक स्टॉप जास्त पडतो.

पाचवा आक्षेप म्हणजे आम्ही जाळतो, पुरत नाही. आमचा इतिहास राखेबरोबर गोदावरीला जातो. हे शहरी अज्ञान आहे. लिंगायत पुरतात, संन्याशांना समाधी देतात, तान्ह्या मुलांना पुरतात. आणि जे जाळले गेले त्यांच्यासाठी वीरगळ उभे केले. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावच्या मारुतीच्या पाराजवळ एक उभा दगड हुडका. त्याला शेंदूर फासलेला असेल, म्हसोबा म्हणून नारळ फुटत असेल, नाहीतर आडवा पाडून त्यावर कुणी धुणं आपटत असेल. शेंदराखाली कप्पे असतात, ते खालून वर वाचायचे. तळाच्या कप्प्यात माणूस लढतोय किंवा पडलाय, बाजूला पळवली जाणारी गुरं. वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही हातांनी धरून नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे हे जोवर आहेत तोवर. गुरं वाचवताना मेलेल्या एका गावकऱ्याचं चार कप्प्यांचं चरित्र, एकही शब्द न वापरता. शेजारी कोपरात वाकवलेला बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर ती सतीशिळा. तिथं मात्र विनोद थांबतो. बांगड्या मोजाव्यात आणि पुढं जावं.

राहता राहिला अपशकुनाचा मुद्दा. कबरस्तानात गेलं की काहीतरी मागं लागतं, घरी आल्यावर अंघोळ करावी लागते वगैरे. अंघोळ जरूर करावी. खुलताबादच्या घाटातली धूळ बघता ती आरोग्याला हितकर आहे. मागं लागण्याचं म्हणाल तर दुसरी शिफ्ट संपवून रात्री बाराच्या पुढं एमआयडीसीतून सायकलीवर घरी येणाऱ्या माणसामागं आजवर फक्त कुत्री लागली आहेत. ज्यांना मेलेल्यांची भीती वाटते त्यांनी खुलताबादचे रहिवासी पाहावेत. त्यांची घरं, दुकानं, पंक्चरची टपरी, शाळेत जाणारी पोरं, सगळं या कबरींच्या मधूनच चाललेलं असतं, आणि उरुसाला तर तिथं सगळ्या जातीधर्मांचे लोक पाळण्यात बसतात. तरी एक खरं की पायताण बाहेर काढावं, डोक्यावर रुमाल घ्यावा, मुजावर म्हणेल तिथं थांबावं आणि चौथऱ्याला टेकून सेल्फी काढू नये. पाहुण्यांकडं जाताना एवढं आपण पाळतोच, मग ते पाहुणे सातशे वर्षं झोपलेले का असेनात.

आता बजाजनगरच्या मुलाच्या प्रकल्पाकडं परत येऊ. त्याला वाटतं आपल्या गावात कोरीव लेख नाहीत. बजाजनगरच्या चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो, त्यावर तोच फोटो असतो जो सहा महिन्यांपूर्वी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याच बांबूंवर दुसऱ्या कुणाचा वाढदिवस चढतो, त्याला काही लेख म्हणता येणार नाही. पण मंदिराच्या आवारात सिमेंटचं बाकडं असतं, त्यावर काळ्या रंगात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. पाणपोईच्या टाकीवर तेच. स्मशानभूमीच्या पत्र्यांच्या शेडवरही देणगीदाराचं नाव. आणि घराघरातल्या मांडणीवर, दुकानात यंत्रानं टिकटिक करत कोरलेली स्टीलची भांडी : नाव, तारीख, कुणाकडून कुणाला. ताम्रपटापेक्षा जाड, गंजत नाहीत, चोरालासुद्धा नकोत. चारशे वर्षांनी कुणी विद्यार्थी खणायला आला तर त्याला बजाजनगर स्टीलच्या पातेल्यांवरून वाचावं लागेल. पातेल्यावर लग्नाची तारीख, बाकड्यावर मरणाची. तो दोन आकडे एकाखाली एक मांडील, वजाबाकी करील, आणि मग पातेल्याच्या बुडाशी बारीक अक्षरात कोरलेलं गावाचं नाव वाचून विचारात पडेल, की गेवराईचं पातेलं इथं आलं कसं आणि परत का गेलं नाही.